वेताचं कडं

ज्या गावाचं नाव स्टेशनच्या पाटीवर होतं, त्या गावचा माणूस त्या स्टेशनवर सहसा पाऊल ठेवत नसे. गाव तीन कोस लांब, मध्ये खडकाळ माळ आणि एक कोरडा ओढा. गावकऱ्यांना पुढचं स्टेशन जवळ पडायचं. मग हे इथे बांधलं तरी कुणासाठी, असं कुणी विचारलं की सांधेवाला म्हणायचा, "इंजिनासाठी. त्याला तहान लागायची." आणि ते खरंच होतं. टाकीभर पाण्यावर वाफेचं इंजिन किती लांब जातं ते रूळ टाकणाऱ्यांनी मोजलं, आणि जिथे पाणी संपलं तिथे विहीर खणली. नशिबाने तिला पाणी लागलं. विहिरीशेजारी टाकी उभी राहिली, टाकीशेजारी खोली, खोलीपुढे फलाट. माणसांचा विचार बांधणाऱ्यांनी केला नव्हता, म्हणून माणसांनीही पुढे स्टेशनचा फारसा विचार केला नाही. फिट्टंफाट झाली.

सांधेवाला एकोणिसाव्या वर्षी इथे आला तेव्हा स्टेशनवर सात माणसं होती आणि इंजिनं अजून पाणी प्यायची. त्याला नोकरी लागली ती पाणक्याची. टाकीची सोंड फिरवून इंजिनाच्या तोंडात द्यायची, भरलं की साखळी सोडायची. चार वर्षांनी डिझेलची इंजिनं आली आणि त्यांना तहानच नव्हती. स्टेशन खरं तर तेव्हाच बंद व्हायचं. पण रूळ एकेरी होता. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीने कुठेतरी बाजूला उभं राहून दुसरीला वाट द्यायलाच हवी, आणि त्यासाठी लागणारा जादा रूळ इथे होता. म्हणून स्टेशन वाचलं. पाणक्या सांधेवाला झाला. जिथे एका रुळाचे दोन होतात तो सांधा बदलायचा आणि गाडीला हव्या त्या रुळावर घ्यायचं, हे त्याचं काम.

त्याचं नाव झालं ते मात्र कड्यामुळे. एकेरी रुळावर दोन गाड्यांनी एकमेकींची गळाभेट घेऊ नये म्हणून मास्तरांच्या खोलीत एक लाल लोखंडी यंत्र होतं आणि त्यात लोखंडी गोळे. पुढच्या स्टेशनाने तिकडून होकार दिला की एक गोळा बाहेर यायचा. तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात जाऊन पडेपर्यंत दुसरा निघत नसे. ज्या ड्रायव्हरकडे गोळा, त्यालाच रस्ता. गोळा चामड्याच्या पिशवीत आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. थांबणाऱ्या गाडीला हे कडं हातात नेऊन द्यायचं, त्यात काही मोठेपणा नव्हता. पण एक्स्प्रेस थांबत नसे. फलाटाच्या टोकाला चुन्याची पांढरी खूण होती. तिच्यावर उभं राहून कडं डोक्यावर धरायचं, आणि धडाडत येणाऱ्या इंजिनातून ड्रायव्हरचा सोबती हात बाहेर काढून ते कोपरात अडकवून न्यायचा. कडं चुकलं तर गाडीला थांबावंच लागे, मग ती कितीही मोठ्या घरची असो. आणि चुकवणाऱ्याला वरून कागद येई: खुलासा करा.

सांधेवाल्याला असा कागद कधी आला नाही. पावसात नाही, वावटळीत नाही. त्या मार्गावरचे ड्रायव्हर म्हणायचे, त्या माळावरच्या स्टेशनात डोळे मिटून हात बाहेर काढला तरी कडं कोपरात येतं. मास्तर त्याला "अचूक" म्हणून हाक मारायचे, थोडं कौतुकाने, थोडं चिडवायला. एकदा त्याला सणकून ताप होता. गाडी गेल्यावर तो खोलीत येऊन पडला आणि बायकोला म्हणाला, "शिट्टी ऐकली एवढं आठवतंय. हात कधी वर गेला, मलाच कळलं नाही." बायको हसून म्हणाली, "मग बिल्लाही हातालाच लावा म्हणावं. तुम्ही कशाला मध्ये?" दोघंही हसली होती त्या दिवशी.

आठ वर्षांपूर्वी रंगीत दिवे आले. गाड्या दिवे बघून जाऊ लागल्या. यंत्र उचलून नेलं, मास्तरांची जागा रद्द झाली, एकेक करत माणसं बदलून गेली आणि उरला सांधेवाला. प्रतीक्षालय उघडायचं, झाडायचं, बंद करायचं. दुपारी चारला थांबणाऱ्या गाडीला हिरवं निशाण दाखवायचं. सकाळी दहा चाळीसची एक्स्प्रेस आली की तो दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घालून उभा राहायचा. भर उन्हाळ्यातही कोट अंगात आणि हात खिशात. गाडीतल्या लोकांना वाटे, म्हाताऱ्याला हुडहुडी भरलीय.

आज तो साठ वर्षांचा झाला होता आणि उद्यापासून स्टेशन बंद होतं. कार्यालयाने दोघांनाही एकाच कागदावर निवृत्त केलं होतं. त्याला वाईट वाटलं का? तसं सांगता येणार नाही. वाईट वाटायची त्याची सवयच मोडली होती. बायको गेली त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हा रडायचं राहून गेलं आणि मग ते राहूनच गेलं. जेवण जेवणासारखं लागे, झोप लागे, पाय चालत. आत मात्र कुणी राहत नसल्यासारखं वाटे.

खोली रिकामी करायला मुलगी आदल्या दिवशी, इथे शेवटची थांबलेल्या चारच्या गाडीने आली होती. तेहतीस वर्षांची, ठाम पावलांची बाई. शहरात बसवर कंडक्टर होती. रस्त्यात कुणी हात केला की थांबा असो नसो, ती घंटी ओढायची. तिचा ड्रायव्हर म्हणायचा, "ताई, अशाने आपण पुढच्या आठवड्यात पोचू." ती म्हणायची, "पोचू की." वर्षातून एकदा ती बापाला भेटायला येई. औषधं आहेत का, अंथरूण फाटलंय का, छत गळतं का, एवढं विचारून परत जाई. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसून "बाबा, तू जोरात पळ" म्हणायची. आता "तुम्ही" म्हणायची, बसमधल्या प्रवाशाला म्हणावं तसं. आता तो तिच्याच घरी राहायला जाणार होता. एकाच छपराखाली हे 'तुम्ही' घेऊन कसं राहायचं, हा प्रश्न दोघांनाही पडला होता आणि दोघांपैकी कुणी तो काढत नव्हतं.

सकाळी नऊला एक जीप लेखनिकाला सोडून गेली. दुपारी ती तिघांना न्यायला येणार होती. लेखनिक तरुण, स्वच्छ, गळ्यात कॅमेरा. मुख्य कार्यालयात जुन्या वस्तूंचं दालन होत होतं आणि या स्टेशनचा इतिहास गोळा करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. त्याने विहीर पाहिली, टाकीची गंजलेली सोंड पाहिली, दिव्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं शेवटचं वेताचं कडं पाहिलं आणि खूश झाला.

"हे न्यायचंय, मामा. काचेच्या पेटीत ठेवणार. आणि तुमचा तो कोटही. बिल्ल्यासकट."

सांधेवाल्याने कोट काढून दिला. आत जाऊन वर्दीही उतरवली आणि घरचा सदरा आणि विजार घालून आला. दोन्हीला खिसे नव्हते. मुलीने कोटाची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या आणि पिशवीत ठेवला.

"आणि आता मुख्य गोष्ट," लेखनिक म्हणाला. त्याने टंकलेला कागद काढला. "हे कड्याच्या शेजारी लावणार. जुन्या डायरीतून मीच शोधून काढलं. वाचून दाखवतो. 'पत्नी फलाटावर अत्यवस्थ असतानाही या कर्मचाऱ्याने एक्स्प्रेस गाडी न थांबवता नियमाप्रमाणे गोळा दिला. कर्तव्यापुढे त्याने संसार गौण मानला.' खाली तुमची सही हवी."

मुलगी डबे बांधत होती. तिचे हात थांबले नाहीत. "करा सही," ती म्हणाली. "खरंच आहे ना ते."

सांधेवाल्याने कागद घेतला. अक्षरं दिसत होती, पण तो वाचत नव्हता.

त्या दिवशी बायकोचं पोट पहाटेपासून दुखत होतं. आठ वाजता ती भिंतीला धरूनही उभी राहीना. अंग तापलेलं, पोट लाकडासारखं टणक. दवाखाना शहरात, गाडीने तासाभरावर. माळावरून तेव्हा रस्ताच नव्हता. थांबणारी गाडी दुपारी चारला, आणि त्याच्या आधी फक्त दहा चाळीसची एक्स्प्रेस. मास्तरांनी वर फोन लावला. वरून उत्तर आलं, "विचारून सांगतो." सव्वादहा झाले तरी ते विचारतच होते.

"सिग्नल अडवला तर माझी नोकरी जाईल," मास्तर म्हणाले. भला माणूस, पण भित्रा, आणि घरात चार लेकरं. मग त्यांनी यंत्राकडे पाहत आवाज उतरवला. "पण अचूक माणसाच्या हातूनही कडं चुकतं की कधीतरी. चुकलं तर चुकलं. गाडी थांबली की गार्डाच्या डब्यात चढव तिला. खुलासा मी लिहीन."

सांधेवाल्याला कळलं. त्याने आणि मास्तरांनी बायकोची खाट उचलून फलाटावर आणली. अकरा वर्षांची मुलगी आईचा हात धरून खाटेच्या कडेला बसली. तो दोघींजवळ वाकून म्हणाला, "आज गाडी थांबेल. मी थांबवतो." बायकोने मान हलवली. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो जे म्हणेल ते होणारच, असं त्या पाहण्यात होतं.

तो चुन्याच्या खुणेवर जाऊन उभा राहिला. कडं गुडघ्यापाशी, मुठीत गच्च. हलवायचं नाही, एवढंच तो मनाशी म्हणत होता. काहीही करायचं नव्हतं त्याला. जगातलं सगळ्यात सोपं काम, नुसतं उभं राहायचं. गाडीने वळणावर शिट्टी दिली. रूळ वाजू लागले. फलाट थरथरला. आणि मग त्याने पाहिलं की कडं त्याच्या डोक्यावर आहे. इंजिनातून एक हात आला आणि कडं घेऊन गेला. मागच्या स्टेशनवरून गाडीने आणलेलं कडं त्याच्या पायाशी येऊन पडलं. डबे जात राहिले, खिडक्यांतून लोक पाहत राहिले, आणि गाडी वेळेवर गेली.

तो खाटेपाशी आला. बायकोने डोळे न उघडता विचारलं, "गेली का?"

"गेली," तो म्हणाला.

अकरा वाजता फोन आला. एक्स्प्रेस थांबवायला हरकत नाही, असं वरून कळवलं होतं. बायको दोन वाजता गेली. चारची गाडी वेळेवर होती.

मास्तरांना वाटलं, ऐन वेळी याला नियम आठवला. त्यांनी आपल्या परीने त्याचा मान राखला आणि डायरीत ते भलंमोठं वाक्य लिहून टाकलं. सहा महिन्यांनी वरून प्रशस्तिपत्र आलं. मास्तरांनी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. सांगणार तरी काय? नियमासाठी गेली म्हटलं तर तिच्या मरणाला निदान काही कारण तरी होतं. प्रशस्तिपत्र त्याने घरात लावलं नाही, दिव्यांच्या खोलीत रॉकेलच्या डब्यांमागे ठेवलं. त्याच महिन्यात मुलगी शिकायला मावशीकडे शहरात गेली. पुढची चौदा वर्षं, यंत्र जाईपर्यंत, तो रोज त्याच खुणेवर उभा राहून त्याच गाडीला कडं देत राहिला, आणि ते एकदाही चुकलं नाही.

"मामा?" लेखनिक म्हणाला. "इथे. तळाला."

सांधेवाल्याने कागद परत केला. "हे असं झालं नाही."

"डायरीत आहे की. मास्तरांची सही आहे."

"मास्तरांना माहीत नव्हतं." त्याने मुलीकडे पाहिलं नाही. बोलताना त्याचा आवाज निशाणाच्या काठीसारखा सरळ होता. "मी देणार नव्हतो. मास्तरांनीच सुचवलं होतं, कडं चुकव म्हणून. मी ठरवलं होतं. हात खाली धरून उभा होतो. शिट्टी झाली आणि हात वर गेला. मी नाही नेला."

लेखनिक गोंधळला. "म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच. नियमबियम काही डोक्यात नव्हता. हात गेला."

मुलीने डब्याची दोरी खाली ठेवली. "हात गेला," ती म्हणाली. बावीस वर्षांत ती एवढ्या हळू आवाजात बोलली नव्हती. "मी तिथेच बसले होते बाबा. मी पाहिलंय. तुम्ही नीट उभे राहिलात, नीट हात वर केलात आणि नीट दिलंत. हात काय आपोआप जातो? आईला तरी हेच सांगितलं असतंत?"

"तिला माहीत होतं," तो म्हणाला. "तापातलं."

मुलीला ते कळलं नाही. त्यालाही समजावून सांगता आलं नाही. खरं बोलून टाकलं की छाती हलकी होते, असं लोक म्हणतात. त्याला तसं काहीच झालं नाही. तिने दोरी पुन्हा उचलली आणि गाठ मारली, नको तेवढी घट्ट.

लेखनिक बिचारा अडचणीत आला होता. घरच्या भांडणात पाहुणा आला की त्याला घड्याळ आठवतं, तसं त्यालाही आठवलं. "दहा पस्तीस," तो म्हणाला. "सहीचं मग बघू. निदान फोटो तरी होऊ दे. मामा, तुम्ही खुणेवर उभे राहा, मागून एक्स्प्रेस जाताना घेतो. शेवटच्या दिवशीचा."

"नको," सांधेवाला म्हणाला.

"पाच मिनिटांचं काम आहे हो. साहेब मला विचारतील."

सांधेवाल्याने आयुष्यात साहेबाच्या नावाने आलेली गोष्ट नाकारली नव्हती, आणि आता नाकारायला त्याच्यात जोरही नव्हता. तो फलाटाच्या टोकाकडे चालू लागला. चुना केव्हाच उडाला होता, पण पाय बरोबर तिथेच थांबले. सवयीने त्याने हात खिशात घालायला नेले. खिसे नव्हते. हात सदऱ्यावरून घसरून खाली आले. त्याने डाव्या हाताने उजव्याचं मनगट पकडलं.

"हात सोडा मामा, सरळ उभे राहा," लेखनिक कॅमेऱ्याआडून म्हणाला. "आणि हलू नका हं. अजिबात."

त्याने हात सोडले. मुलगी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती, डबा हातात तसाच.

वळणावर शिट्टी झाली. गाडी आता पूर्वीपेक्षा वेगात यायची. तिला इथे कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं, इकडे पाहायचंही नव्हतं. रूळ वाजू लागले. सांधेवाला समोर माळाकडे पाहत उभा होता, आणि त्याचा चेहरा अगदी रिकामा होता. हलायचं नाही, तो मनाशी म्हणत होता. फलाट थरथरला आणि त्याचा उजवा हात वर गेला. बोटं कड्याभोवती असावीत तशी वळलेली, कोपर सरळ, डोक्याच्या बरोबर वीतभर वर. त्यात काहीच नव्हतं. इंजिन शेजारून निघून गेलं, डबे गेले, वाऱ्याने सदरा फडफडला, आणि हात तिथेच राहिला.

मुलीच्या हातातला डबा खाली पडला. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला अजून माहीतच नव्हतं.

शेवटचा डबा गेला. लेखनिकाने कॅमेरा खाली घेतला. "हात हलवलात ना तुम्ही, मामा," तो वैतागून म्हणाला. "फोटो वाया गेला."

"त्यांनी नाही हलवला," मुलगी म्हणाली.

ती फलाटावरून चालत टोकापर्यंत गेली आणि त्याच्या समोर उभी राहिली. त्याने तिची नजर कुठे लागलीय ते पाहिलं, मग मान वर करून आपला हात पाहिला. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पाहिला. तो खाली घ्यायला गेला, पण हात ऐकेना.

"गेली का?" त्याने विचारलं.

"गेली, बाबा," ती म्हणाली. "गाडी गेली. हात खाली घे."

मग तिनेच दोन्ही हातांनी तो धरला आणि हळूहळू खाली आणला. आणि दुपारी जीप येईपर्यंत तिने तो सोडला नाही.